दोन पाणबुडे

समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे पाहणाऱ्यास समुद्राचे केवळ छप्पर दिसते. लाटा, फेस, दूरवर डोलणारी गलबते आणि क्षितिजाची निळी रेषा हे सारे त्या छपरावरचेच दृश्य होय. छपराखाली जे विशाल घर आहे, त्याची दालने कशी आहेत, त्यांत कोण राहते आणि तेथील नित्याचे व्यवहार कसे चालतात, याची कल्पना काठावरून येत नाही. माणसाने हजारो वर्षे समुद्रावरून प्रवास केला, समुद्रातून मासे आणि मोती काढले. परंतु त्या घरात पाहुणा म्हणून घटकाभर निवांत बसणे त्याला साधले नव्हते. याचे कारण एकच होते, आणि ते म्हणजे त्याचा श्वास. मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे छातीत भरून घेतलेल्या एका दमावर तळाशी जात आणि तो दम संपण्यापूर्वी धापा टाकीत वर येत. समुद्राच्या पोटात माणसाची मुदत मिनिटांनी मोजली जात असे.

मौज अशी, की ज्या प्राण्यास आपण समुद्राचा जन्मजात रहिवासी समजतो, त्या समुद्रकासवाची अडचणही नेमकी हीच आहे. माशाला कल्ले असतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्याला कल्ल्यांच्या साहाय्याने मिळतो. कासव हा मासा नव्हे. तो साप, सरडे आणि मगर यांच्या कुळातला सरीसृप प्राणी आहे. त्याला फुप्फुसे आहेत आणि श्वास घेण्यासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. तेव्हा पाण्यात उतरलेला माणूस आणि पाण्यात पोहणारे कासव हे दोघेही खऱ्या अर्थाने पाणबुडेच होत. त्यांतील एकाने ही विद्या अलीकडे हस्तगत केली. दुसऱ्याच्या घराण्यात ती दहा कोटींहून अधिक वर्षे चालत आली आहे. आज जगातील अनेक समुद्रांत या दोन पाणबुड्यांची समोरासमोर भेट होते. ही भेट कशी शक्य झाली आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम माणसाचा विचार करू. ज्याच्या नावाचा धूमकेतू प्रसिद्ध आहे, त्या एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिर्विदाने १६९१ मध्ये घंटेच्या आकाराचे एक मोठे लाकडी पात्र पाण्यात उतरविले. उपडा पेला पाण्यात सरळ बुडविला असता त्यात हवा कोंडून राहते; त्याच न्यायाने या पात्रात हवा राहत असे, आणि शिसे लावलेली पिंपे खाली सोडून तिच्यात ताज्या हवेची भर घालता येत असे. पुढे १८३७ मध्ये ऑगस्टस सीबे याने धातूचे शिरस्त्राण जोडलेला जलाभेद्य पोशाख सिद्ध केला. या पोशाखातील पाणबुड्यास नावेवरील पंपाने नळीवाटे हवा पुरविली जाई. काम उत्तम होई. परंतु दावणीला बांधलेल्या जनावराप्रमाणे तो माणूस त्या नळीला बांधलेला असे. नळी जेथवर पोहोचेल तेथवरच त्याची धाव.

ही दावण तुटली ती १९४३ मध्ये. दुसरे महायुद्ध चालू होते आणि फ्रान्समध्ये पेट्रोलचा दुष्काळ पडला होता. मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एमील गान्याँ या अभियंत्याने इंजिनास हवा तेवढाच गॅस पुरविणारी एक झडप बनविली होती. झाक-ईव्ह कूस्तो हा फ्रेंच नौदलातील अधिकारी त्याच सुमारास पाण्याखाली मोकळेपणी श्वास घेण्याच्या साधनाच्या शोधात होता. दोघांनी मिळून ती झडप पाणबुड्याच्या उपयोगाची बनविली. पाठीवरच्या पोलादी नळकांड्यात हवा मोठ्या दाबाने कोंबून भरलेली असते. पाणबुड्याने श्वास आत ओढला की झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा त्याच्या तोंडात येते; श्वास सोडला की झडप मिटते आणि वापरलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर निघून जाते. आज हे साधन जगभर 'स्कूबा' या नावाने ओळखले जाते. पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून हे नाव बनले असून 'पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण उपकरण' असा त्याचा अर्थ आहे.

हवा 'भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी' का लागते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. समुद्रसपाटीवर आपल्या शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर वातावरणातील हवेचा सुमारे एक किलोग्रॅम भार असतो. पाण्यात दर दहा मीटरांवर तेवढ्याच भाराची भर पडते. म्हणजे १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट होतो. एवढ्या दाबाखाली साधी हवा छातीत ओढून घेण्याची शक्ती आपल्या स्नायूंत नाही. म्हणून ती त्याच दाबाने पुरवावी लागते. परंतु दाब वाढला की हवा आक्रसते, आणि तेवढीच छाती भरण्यास अधिक हवा खर्ची पडते. हिशेबासाठी असे समजू, की नळकांड्यात २,४०० लिटर हवा आहे आणि पाणबुड्यास मिनिटाला २० लिटर हवा लागते. पृष्ठभागावर ती १२० मिनिटे पुरेल. १० मीटरवर ६० मिनिटे आणि ३० मीटरवर केवळ ३० मिनिटे. जसजशी खोली वाढते, तसतशी शिदोरी लवकर सरते. म्हणून शहाणा पाणबुड्या हवादर्शक काट्याकडे वारंवार पाहतो आणि शिलकीतली हवा राखूनच परत फिरतो.

शिदोरीच्या चिंतेहूनही मोठा धोका मात्र वर येताना असतो. हवेत सुमारे चार पंचमांश नत्रवायू असतो. दाब वाढला की हा वायू रक्तात आणि शरीराच्या पेशीजालात अधिक प्रमाणात विरघळतो. सोडावॉटरच्या बाटलीचे बूच एकदम काढले असता आत विरघळलेला वायू जसा फसफसून बाहेर पडतो, तसाच प्रकार झपाट्याने वर येणाऱ्या पाणबुड्याच्या शरीरात घडतो. रक्तात बुडबुडे धरतात, सांधे असह्य दुखतात, हातपाय लुळे पडतात, आणि कित्येकदा मृत्यूही ओढवतो. रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच एका विषारी सापास पात्रात ठेवून त्यातील हवा काढून घेतली, तेव्हा सापाच्या डोळ्यात एक बुडबुडा हलताना त्याला दिसला होता. परंतु या निरीक्षणाचा अर्थ उमगण्यास दोनशे वर्षे लागली. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना दाबयुक्त हवेच्या कोठ्यांत काम करणारे अनेक मजूर या व्याधीने पीडले गेले आणि १८७२ मध्ये पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही अंथरुणास खिळला. १८७८ मध्ये पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने या दुखण्याचे मूळ नत्रवायूच्या बुडबुड्यांत आहे, हे प्रयोगांनी सिद्ध केले.

उपाय शोधला तो जॉन स्कॉट हॉल्डेन याने. त्याने शेळ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती वेगाने आणि कोठेकोठे थांबत वर यावे, याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आजही पाणबुडे सावकाश वर येतात आणि पृष्ठभागाच्या खाली सुमारे पाच मीटरवर काही मिनिटे विसावतात, त्याचे मूळ त्या कोष्टकांत आहे. या हॉल्डेनचा पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यानेही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाबकक्षात बसून स्वतःच्या शरीरावर अनेक धोक्याचे प्रयोग केले. हा थोर जीवशास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आला, पुढे भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तला. ज्या ओडिशाच्या भूमीत त्याने देह ठेवला, तिच्याच किनाऱ्यावर गहिरमाथा येथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे प्रचंड संख्येने अंडी घालावयास येतात.

आता दुसऱ्या पाणबुड्याकडे वळू. समुद्रकासवांच्या एकूण सात जाती आहेत. त्यांपैकी ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि लेदरबॅक या पाच जाती भारताच्या समुद्रांत आढळतात. जमिनीवरील कासवाप्रमाणे समुद्रकासवास मान आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. त्याचे पाय वल्ह्यांसारखे चपटे झालेले असतात. जमिनीवर अवजड आणि केविलवाणा वाटणारा हा प्राणी पाण्यात उतरताच घारीने आकाशात तरंगावे तसा डौलाने विहरू लागतो.

श्वासाच्या बाबतीत त्याची काटकसर पाहून कोणीही थक्क व्हावे. पृष्ठभागावर डोके काढून ते एका झटक्यात जुनी हवा सोडते आणि नवी भरून घेते. दोन-तीन सेकंदांत काम आटोपते. तेवढ्या हवेवर चरताना ते बरीच मिनिटे पाण्याखाली राहू शकते आणि खडकाच्या कपारीत झोपले असता तर काही तासही काढू शकते. अशा वेळी त्याच्या हृदयाचे ठोके अगदी मंद होतात. हिरवे कासव छातीत किती हवा भरून घेते, यावर ते कोणत्या खोलीवर सहज तरंगेल हेही ठरते. माणसाला हेच साधण्यासाठी कमरेला शिशाची वजने आणि अंगात हवा भरण्याचे जाकीट घालावे लागते. सर्वांत मोठे जे लेदरबॅक कासव, ते तर एक हजार मीटरांहून अधिक खोल गेल्याची नोंद आहे. एवढ्या खोलीवर त्याची फुप्फुसे दबून जवळजवळ मिटतात. परंतु त्याने आपला प्राणवायू आधीच रक्तात आणि स्नायूंत साठवून ठेवलेला असतो.

अशा कासवाची भेट घ्यावयाची असेल तर जगात ठिकाणांची वाण नाही. हवाई बेटांच्या भोवती हिरवी कासवे विपुल आहेत. तेथील लोक त्यांना 'होनू' म्हणतात. प्रवाळखडकांतील काही ठराविक जागी ही कासवे येऊन स्तब्ध होतात, मान आणि वल्ही लांबवितात, आणि छोटे मासे त्यांच्या कवचावरील शेवाळ व अंगावरील कीटक टिपून खातात. माशांना चारा मिळतो आणि कासवास स्नान घडते. आपल्या पाळीची वाट पाहणारी कासवे पाण्यात अधांतरी थांबलेली पाहताना पाणबुड्यास न्हाव्याच्या दुकानाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शिकारीमुळे हवाईतील कासवे फार घटली होती. १९७८ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि त्यानंतर त्यांची संख्या हळूहळू वाढत गेली.

बोर्निओ बेटाच्या ईशान्येस सिपादान नावाचे एक चिमुकले बेट आहे. इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन्ही देशांनी त्यावर हक्क सांगितला होता. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते मलेशियाचे ठरविले. समुद्रतळापासून सुमारे सहाशे मीटर उंच उठलेल्या सुळक्याचे हे टोक आहे. किनाऱ्यापासून काही पावलांवरच खडक तुटतो आणि निळ्या पाताळात उभा उतरत जातो. या कड्याशी हिरवी आणि हॉक्सबिल कासवे एवढी दिसतात, की एका बुडीत त्यांची गणती चुकावी. याच कड्यात पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर एका गुहेचे तोंड आहे. आत फाटे फुटलेल्या अंधाऱ्या वाटा आहेत आणि तेथे कासवांचे सांगाडे पडलेले आहेत. ही कासवे आत शिरली, परतीची वाट चुकली, आणि दम संपल्यामुळे बुडून मेली. दहा कोटी वर्षांचा अनुभव गाठीशी असलेला पाणबुड्याही पृष्ठभागाची वाट बंद झाली तर बुडतो, हे ती गुहा मूकपणे सांगते. पाहुण्यांच्या गर्दीने बेटाची हानी होऊ नये म्हणून २००४ मध्ये तेथील निवासगृहे हलविण्यात आली, आणि आता दररोज ठराविक संख्येच्याच पाणबुड्यांना तेथे परवानगी मिळते.

फिलिपाईन्समधील आपो हे बेट तर कोळ्यांचेच आहे. सुरुंग आणि विष यांचा वापर करून मासेमारी केल्याने तेथील समुद्र ओस पडू लागला होता. आंखेल आल्काला या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांशी वारंवार चर्चा केली. प्रारंभी अनेकांस ते पटले नाही. परंतु १९८० नंतरच्या काही वर्षांत गावाने प्रवाळखडकाचा एक तुकडा मासेमारीस बंद केला. तेथे मासे वाढले आणि भोवतालच्या पाण्यातही त्यांची भर पडू लागली. आज आपोच्या उथळ पाण्यात हिरवी कासवे निर्धास्तपणे चरतात आणि त्यांना पाहण्यास येणाऱ्यांमुळे गावास चार पैसेही मिळतात.

पाण्याखालच्या या भेटींनी ज्ञानातही मोलाची भर घातली. पूर्वी कासवांविषयीची बहुतेक माहिती किनाऱ्यावरून मिळत असे. किनाऱ्यावर येतात त्या अंडी घालणाऱ्या माद्या. नर बहुधा जन्मभर जमिनीवर पाय ठेवीत नाहीत, आणि वाढती पिलेही दूर समुद्रातच असतात. म्हणजे घराच्या उंबऱ्याशी कधीमधी येणाऱ्या एका माणसावरून साऱ्या कुटुंबाची पारख करण्यासारखाच तो प्रकार होता. पाणबुडे खाली गेले तेव्हा उरलेले कुटुंबही दिसू लागले. कासवाच्या गालावरील खवल्यांची नक्षी प्रत्येकाची निराळी असते, जशी माणसाच्या बोटांच्या ठशांची. पाणबुड्यांनी काढलेली छायाचित्रे ताडून पाहिली असता तेच कासव पुन्हा कोठे आणि कधी दिसले, हे त्याला हात न लावताही कळते.

पाहणी जसजशी वाढली, तसतशी काही चिंतेची कारणेही पुढे आली. अंड्यातील पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील वाढत्या वयाच्या हिरव्या कासवांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ९९ टक्के माद्या असल्याचे आढळले. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट लक्षद्वीपमध्ये अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवे एवढी वाढली, की त्यांनी समुद्रतळावरील गवताची कुरणे खाऊन विरळ केली. त्या गवतात आसरा घेणारे मासे घटले आणि कोळी नाराज झाले. कासवांना खाणारे मोठे शार्क मासे कमी होणे हे याचे एक कारण असावे, असे अभ्यासक मानतात. निसर्गाच्या घरातील एक खांब हलविला की दुसरीकडचे तुळईवरचे ओझे बदलते, ते असे.

तथापि कासवाचा सर्वांत मोठा वैरी आहे तो त्याचा श्वास कोंडणारे जाळे. ओढत्या जाळ्यात सापडलेल्या कासवास वर येता येत नाही. ते धडपडते, आणि धडपडीत प्राणवायू भराभर खर्ची पडतो. कासवे दाबाच्या व्याधीपासून मुक्त असतात, अशी पूर्वी समजूत होती. कारण ती एकाच श्वासावर बुडी मारतात आणि बुडी मारलेली असताना फुप्फुसांकडे जाणारे रक्त कमी करतात, त्यामुळे नत्रवायू फारसा विरघळत नाही. परंतु स्पेनमधील वॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर जाळ्यांतून वर काढलेल्या लॉगरहेड कासवांची तपासणी करणाऱ्या पशुवैद्यांना त्यांच्या रक्तवाहिन्यांत बुडबुडे आढळले. भीतीने आणि धडपडीने शरीराचा नेहमीचा बंदोबस्त ढासळतो आणि जाळे झपाट्याने वर ओढले जाते. त्यामुळे माणसास होणारी तीच व्याधी कासवासही जडते. वरून धडधाकट दिसणारे आणि म्हणून समुद्रात सोडून दिलेले कासव अशा रीतीने मागाहून मरू शकते. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. व्याधिग्रस्त पाणबुड्याप्रमाणेच दाबकक्षात ठेवून कासवावर उपचार करता येतात, हेही त्या वैद्यांनी दाखविले. हॉल्डेनने माणसासाठी शोधलेली वाट अखेर कासवाच्याही कामी आली.

यावर उपाय नाही असे नाही. ओढत्या जाळ्यात तिरप्या गजांची एक चौकट बसविली असता कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव मात्र चौकटीस अडून वरच्या फटीतून बाहेर पडते. कोची येथील केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने भारतातील जाळ्यांसाठी अशी चौकट तयार केली आहे. परंतु जाळे कापून कासव सोडावयाचे, तर त्याचा भुर्दंड गरीब कोळ्याने का सोसावा, हा प्रश्नही रास्तच आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये या प्रश्नाची दखल घेतली. संरक्षित प्राण्यास सोडविण्यासाठी ज्या कोळ्याला जाळे कापावे लागेल, त्याला कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना तेव्हा सुरू झाली. भारतात सर्व समुद्रकासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत; पण कायद्याचे हात खोल समुद्रात पोहोचत नाहीत, तेथे पोहोचतात ते कोळ्याचेच हात.

कोकणचा किनारा या कथेत मागे नाही. मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात, आज अनेक लोक पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पहिली बुडी मारतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी काढून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने तेथे अंडी राखण्याचे कार्य आरंभिले, आणि पुढे पिले समुद्राकडे निघतात त्या दिवसांत भरणारा 'कासव महोत्सव' सर्वत्र प्रसिद्ध झाला. ही कासवे किती दूरचे प्रवास करतात, याचा एक पुरावा गुहागरने दिला. ओडिशातील गहिरमाथा येथे २०२१ मध्ये अंडी घालताना ज्या मादीस क्रमांकाचा बिल्ला लावण्यात आला होता, तीच मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्याची माहेरवाशीण भारताचे दक्षिण टोक ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर आली होती.

अशा प्रवाशाची वाटेत गाठ पडली तर पाणबुड्याने कसे वागावे, याचे काही संकेत आता जगभर रूढ झाले आहेत. कासवास स्पर्श करू नये, त्याच्या कवचास धरून लोंबकळू नये, त्याचा पाठलाग करू नये. ते झोपले असेल तर त्याच्या डोळ्यांवर प्रखर दिवा पाडू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की त्याच्या डोक्यावर तरंगत राहू नये. कारण वर जाण्याची वाट ही त्याच्या श्वासाची वाट आहे. घाबरलेले कासव पृष्ठभागावर न येता पुन्हा खाली जाते आणि सिपादानच्या गुहेतील कासवाप्रमाणे त्याचा दम तुटू लागतो. पाणबुड्याच्या पाठीवर हवेचा साठा असतो, कासवाच्या नाही; म्हणून थांबावयाचे ते पाणबुड्याने.

हे शहाणपण माणसास एका दिवसात आलेले नाही. स्वतः कूस्तोने १९५६ मध्ये समुद्राखालील जीवनाचा जो चित्रपट जगापुढे ठेवला, त्यात माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळखडकावर सुरुंग उडविल्याचे दृश्य आहे. त्या काळी ते कोणास फारसे खटकले नाही. पुढे समुद्र डोळ्यांदेखत ओस पडत असलेला त्याने पाहिला आणि उरलेले आयुष्य समुद्राच्या रक्षणासाठी वेचले. ज्याने माणसाला समुद्राच्या घरात नेले, त्यानेच त्या घरात कसे वागावे हेही पुढे सांगितले.

या प्रयत्नांना फळ येत आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने हिरव्या कासवास धोक्यातील प्राण्यांच्या वर्गातून काढून निर्धास्त वर्गात घातले. अनेक दशकांच्या राखणीमुळे त्याची संख्या जगभरात वाढली होती. हॉक्सबिल मात्र अजून विनाशाच्या कड्यावर आहे. त्याच्या सुंदर कवचाच्या फण्यांनी आणि डब्यांनी त्याचा घात केला. एका जातीस वाचविता आले, तर दुसरीसही वाचविता येईल. हे काम पाण्याखालच्या पाणबुड्याचे आहे, जाळे ओढणाऱ्या कोळ्याचे आहे, आणि किनाऱ्यावर रात्रभर अंड्यांची राखण करणाऱ्या गावकऱ्याचेही आहे. दोन्ही पाणबुडे हवेवरच जगतात, आणि दोघांनाही अखेर वर यावयाचे असते. त्यांपैकी एकाला विचार करता येतो. म्हणून दुसऱ्याची वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.